गेटाकडचा उजवा कोपरा

मी आयुष्यात एकच व्यावसायिक टेनिस सामना खेळले, आणि तो शेणावर खेळले. हे वाक्य मी आजवर इतक्या लग्नमांडवांत, हळदीकुंकवांत आणि मुंबईच्या ऑफिसातल्या डब्याच्या सुट्टीत टाकलं आहे, की ऐकणाऱ्यांचे चेहरे कोणत्या क्रमानं बदलतात ते मला पाठ झालं आहे. आधी भुवया वर जातात, मग नाकाला बारीकशी सुरकुती पडते, मग माणसं खुर्ची ओढून पुढे सरकतात. खुर्ची ओढल्याचा आवाज आला की ते माणूस माझं झालं. मग मी उभी राहते, पदर खोचते, सर्व्हिस करून दाखवते, पडून दाखवते, उझबेकिस्तानच्या मुलीचे उद्गार तिच्याच आवाजात काढते, आणि शेवटी सगळे पोट धरून हसतात. इथेही ते सगळं येणारच आहे. फक्त गोष्ट नेहमीच्या जागी थांबणार नाही.

तर शेणापासून सुरुवात. त्या काळी आमच्या गावच्या क्लबची तिन्ही कोर्टं लाल मुरमाची होती आणि मुरूम धरून ठेवायला त्यावर दर चार दिवसांनी शेणाचा पातळ काला फिरवावा लागे. त्यानं भेगा पडत नाहीत, धूळ उडत नाही आणि चेंडू बेतानं उसळतो. ते शेण आमच्या घरचं. मंगळवार पेठेत आमच्या पुढं दोन खोल्या होत्या आणि मागं नऊ म्हशींचा गोठा. खरं सांगायचं तर म्हशींच्या घरी आम्ही राहायला होतो. क्लबच्या सेक्रेटरींचा आग्रह गाईच्या शेणाचा, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक भाकड गाय दारात बांधून ठेवली होती. सेक्रेटरी कधी पाहणीला आले की तिच्या पाठीवरून हात फिरवायचे, नमस्कार करायचे आणि समाधानानं परत जायचे. त्या बिचारीचं शेण एका जाळीखालीही पुरलं नसतं. कोल्हापूरचं अख्खं टेनिस म्हशींच्या जिवावर चाललं होतं, आणि हे गुपित आमच्या घरानं वीस वर्षं पोटात ठेवलं.

सकाळी जाग यायची ती कासंडीत पडणाऱ्या पहिल्या धारेच्या आवाजानं. रिकाम्या पितळेत ती धार टणटण वाजायची, मग कासंडी भरत जाईल तसा आवाज जाड आणि मऊ व्हायचा. आबा दोन म्हशी घेऊन चौकात जायचे. तालमीतून घामाघूम आलेली माणसं तिथं रांगेनं उभी असायची आणि आबा त्यांच्यादेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचे. घरी आम्ही रात्रीची भाकरी सायीत कुस्करून त्यावर हिरव्या मिरचीचा खर्डा घालून खायचो. म्हैस व्यायली की आठवडाभर खरवस. आमच्या अंगाला, कपड्यांना, वह्यांना एकच वास होता, आणि तो आम्हाला येत नसे. तो वास असतो हे मला पहिल्यांदा रोहिणीनं सांगितलं. पण तिच्याकडे यायला थोडा अवकाश आहे.

आई कोर्ट सारवायला जायची तेव्हा मी बादल्या धरायला बरोबर असायची. काम संपलं की सूर्यवंशी सर, म्हणजे क्लबचे प्रशिक्षक, मला तारा तुटलेली एक रॅकेट देऊन भिंतीसमोर उभी करायचे. मी लहानपणापासून गोठ्याच्या भिंतीवर गोवऱ्या थापत आले होते. तीच हालचाल, तोच मनगटाचा झटका. सरांनी आठ दिवस पाहिलं आणि म्हणाले, "हिचा फोरहँड बदलू नका कुणी. हा देवानं शिकवलाय." देवानं कुठला, म्हशींनी. मी तेरा वर्षांची होते. सतराव्या वर्षी क्लबातल्या सगळ्या मुलींना मी हरवत होते आणि तरीही माझी चप्पल मागच्या गेटाशी काढत होते.

रोहिणी माझ्याहून एका वर्षानं मोठी. तिच्या वडिलांची कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्री होती. ती गाडीतून यायची, पांढऱ्या स्कर्टला इस्त्री, वेणीला रेशमी फीत. उंच, देखणी, आणि जिभेला अशी धार की क्लबचे म्हातारे सभासदसुद्धा तिच्यासमोरून लवकर निघायचे. पहिल्याच दिवशी तिनं नाक उडवून विचारलं, "सर, ही गोवरी कुठून आणली?" तेव्हापासून मी गोवरी. मंदा हे नाव क्लबात फक्त हजेरीच्या वहीत उरलं. मीही काही कमी नव्हते. तिच्यासाठी निपाणीच्या तंबाखूवाल्यांचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचा फोटो तिनं रागानं मला दाखवला. मी त्याच्या हनुवटीखाली बॉलपेननं आणखी दोन हनुवट्या काढून दिल्या. ती इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि मग त्याच हसण्यात म्हणाली, "तुला तर असलाबी मिळायचा न्हाय." आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी जातो, मी खातो' असंच बोलतो, गाडीतून येणाऱ्याही आणि बादली घेऊन येणाऱ्याही. तेवढीच आमच्यात समानता होती.

आणि हो, दुसरी एक होती. सरांनी आम्हाला दुहेरीची जोडी केली. रोहिणी जाळीपाशी उभी राहून वाघिणीसारखी चेंडू मारायची आणि मी मागं सगळ्या कोर्टाची राखण करायची. सरांचा नियम असा: पुढच्या मुलीनं मागं वळून बघायचं नाही. तिच्या डोक्यावरून गेलेल्या चेंडूचं काय करायचं ते मागची ठरवणार आणि ओरडून सांगणार, 'माझा' किंवा 'तुझा'. हे अंगी भिनावं म्हणून सर रोहिणीच्या डोळ्यांवर तिचीच रेशमी फीत बांधायचे आणि मी ओरडेन त्याप्रमाणे तिला पळायला लावायचे. महिना-दीड महिना हा तमाशा चालला. कुंपणाबाहेर माणसं भेळ खात बघायची. कोर्टाबाहेर मला गोवरी म्हणणारी ती पोरगी कोर्टात माझ्या एका शब्दावर आंधळी धावायची, थांबायची, वाकायची. दोन वर्षांत माझा एक अंदाज चुकला नाही. त्यातही 'तुझा' असं मी क्वचितच म्हणायची. डोक्यावरून गेलेला बहुतेक प्रत्येक चेंडू मीच काढायची.

अशात गावात महिलांची व्यावसायिक स्पर्धा आली. लहानच होती, पण आमच्या दृष्टीनं विलायतच अवतरली. चौदा-पंधरा देशांच्या मुली, खांद्यावर आठ-आठ रॅकेटच्या पिशव्या, नाकाला पांढरं मलम. त्या सकाळी उकडलेले बटाटे खातात म्हणून पेठेत दोन दिवस त्याचीच चर्चा. आबा म्हणाले, "बटाटं खाऊन काय जोर येणार? पेलाभर दूध पाजा, मग बघा." दुहेरीच्या मुख्य फेरीत स्थानिक जोडी म्हणून आम्हाला थेट प्रवेश मिळाला. पण खरं आमिष वेगळंच होतं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचे क्रीडाधिकारी परांजपे सामने बघायला येणार होते. कंपनीच्या संघात एक जागा रिकामी होती. पगार, राहायला खोली, रोज प्रशिक्षण. सरांनी त्यांना आमच्याबद्दल सांगितलं होतं. परांजप्यांनी सांगितलं, "बघतो. पण दोघींपैकी एकच घेता येईल."

एकच. आता बघा, एका बाजूला उभ्या असलेल्या दोघी जणी आणि जागा एक. समोरच्या जोडीला हरवायचं ते निमित्तापुरतं. खरा सामना जाळीच्या आमच्याच बाजूला होता. मला ती जागा नाही मिळाली तर माझं लग्न आत्याच्या मुलाशी ठरल्यासारखं होतं. जोतिबाच्या डोंगरावर त्याचं नारळ-गुलालाचं दुकान. लहानपणापासून मी त्याला गुलाबी रंगाशिवाय पाहिलंच नव्हतं. आणि रोहिणीचं? तिनं मला स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, बुटांच्या नाड्या बांधता बांधता, वर न बघता सांगितलं. "पप्पांनी शब्द दिलाय. ही नोकरी लागली तर निपाणीला न्हाई म्हणून कळवायचं. न्हाई लागली तर दिवाळीनंतर मी तिकडं." मग तिनं नाडी इतकी ओढली की तुटली. तिचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मला सगळं ठाऊक होतं.

आमच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी क्लबच्या हिरवळीवर खेळाडूंसाठी चहा होता. मी माझा एकुलता एक चांगला फ्रॉक घालून गेले. आमच्या प्रतिस्पर्धी तिथंच होत्या: उझबेकिस्तानची इरिना, सहा फूट उंच, शांत चेहऱ्याची, आणि तिची जोडीदार नोई, थायलंडची, चिमणीएवढी आणि चिमणीसारखीच अखंड हलणारी. परांजपेही होते, हातात कपबशी. समोर तीन नंबरच्या कोर्टावर आमची आई गुडघ्यावर बसून उद्याच्या सामन्यासाठी सारवत होती. रोहिणीनं सगळ्यांना इंग्रजीत विचारलं, "ओळखा पाहू, हे कोर्ट कशाचं बनवतात?" कुणी वीट म्हणालं, कुणी माती. रोहिणीनं माझा हात धरला, पंजा उघडला आणि इरिनाच्या नाकापाशी नेला. "वास घ्या. हिच्या घरून येतं ते. आणि ती बघा, ती हिची आई." हास्याचा असा फवारा उडाला की आईनंही मान वर केली. आपल्याकडे बघून माणसं आनंदानं हसताहेत हे बघून तीही हसली आणि माखलेला हात वर करून तिनं हलवला. परांजपे इतके हसले की चहा बशीत सांडला. इरिना तेवढी हसली नाही. तिनं खरोखरच वास घेतला, विचार केला आणि म्हणाली, "आमच्या मामाच्या गोठ्यासारखा." मग माझी बोटं हळूच मिटवून हात परत दिला.

मी तशीच निघाले. मागच्या गेटाशी नळावर आई हात धूत होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मला जवळ ओढलं.

"मंदे, ऐक. ह्या गेटाकडच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात मी जाड थर दिलाय. निसतं शेण, मुरूम न्हाय. वरनं कोरडी माती मारल्या, दिसायचं न्हाय. त्या गोऱ्या पोरी तिथं गेल्या की धपाधप पडतात बघ."

"आये! पण त्याच तिथं कशा असतील?"

"पावण्यांस्नी नेहमी हीच बाजू देत्यात की. मी काय आज बघायलोय व्हय?"

आणि हे खरं होतं. उन्हं डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून क्लबात पाहुण्यांना कायम गेटाकडची बाजू मिळायची, आणि सरावात सर आम्हाला बाजू बदलायला लावत नसत. पाच वर्षं कोर्ट सारवणाऱ्या माझ्या आईनं नियमाप्रमाणे खेळलेला सामना एकदाही पाहिला नव्हता. सामन्यांच्या वेळी ती घरी धारा काढत असायची.

"आये, सामन्यात बाजू बदलतात. एका गेमनंतर आम्ही इकडं येणार, मग दोन गेमनंतर परत तिकडं. अर्धा सामना आम्हीच ह्या कोपऱ्यात!"

आई बघतच राहिली. "बाजू बदलत्यात? आणि ते का म्हणून? एकदा घेतलेली जागा माणूस सोडतंय कशाला?" मग तिचा चेहरा उतरला. "थांब, खरवडून येतो." पण तोवर स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी कोर्टाला दोरी बांधून माणूस बसवला होता. आई म्हणाली, "मग त्या रोहिणीला तरी सांगून ठेव. तू गोठ्यातली हाईस, तुला पाय टाकायचा कळंल. तिला न्हाय कळायचं."

"सांगतो," मी म्हणाले.

इथपर्यंतची गोष्ट मांडवात सांगताना मी नेहमी एक लहानसा विराम घेते, डोळे मोठे करते आणि म्हणते, "आणि घाईगडबडीत सांगायचं राहूनच गेलं हो!" लोक हसतात. राहून गेलं नव्हतं. त्या रात्री मी शांत झोपले आणि सकाळी दोन भाकऱ्या खाऊन गेले.

सामना. अख्खं गाव लोटलं होतं. आमच्या गावाला बघणं माहीत होतं ते कुस्तीचं. गप्प बसून बघायचा खेळ असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. खुर्चीवरचे पंच "शांतता, कृपया" म्हणायचे आणि वरून आवाज यायचा, "धर की तिला! दाब! सोडू नगंस!" दुसऱ्या गेमला आम्ही गेटाकडं आलो. पहिलाच उंच चेंडू रोहिणीच्या डोक्यावरून उजव्या कोपऱ्यात गेला. "माझा!" ओरडून मी पळाले आणि शेवटची चार पावलं गोठ्यात टाकतात तशी टाकली: आखूड, सपाट, टाच आधी न टेकवता. पायाखाली थर हलल्याचं कळलं. चेंडू उसळलाच नाही, पण मी तो जमिनीवरून खरवडून काढला. लोकांनी टोप्या उडवल्या. मग बाजू बदलली आणि मी माझा थापलेला फोरहँड नेमका त्या कोपऱ्यात घातला. इरिना आपले लांब पाय टाकत आली आणि सहा फुटांची ती बाई फतकल मारून बसली. पांढरा स्कर्ट मागून हिरवा. गावाला आनंदाचं भरतं आलं. "गेली, गेली! म्हस बसली!" मी किती हसले म्हणून सांगू. जिनं माझी बोटं मिटवून दिली होती, तिला मी तीन वेळा तिथं पाडलं आणि तिन्ही वेळा हसले. अधिकाऱ्यांनी येऊन बुटानं कोपरा दाबून पाहिला. उन्हानं वरची पापडी कडक झाली होती. "खेळण्याजोगं आहे," ते म्हणाले. पहिला सेट सहा-चार, आमचा.

पण त्या दोघी पोटासाठी खेळणाऱ्या होत्या, आमच्यासारख्या हौशी नव्हत्या. तो कोपरा दोन्हीकडून कापतो हे नोईनं लवकरच ओळखलं. आम्ही गेटाकडं आलो की ती रोहिणीच्या डोक्यावरून चेंडू तिथंच टाकायला लागली. सामनाभर मी त्या कोपऱ्यात सहा वेळा गेले आणि सहाही वेळा उभी राहिले. ते कष्ट माझे; टाळ्या मात्र रोहिणीच्या. मी कसाबसा काढलेला चेंडू परत येईल तो ती जाळीपाशी आकाशातून तोडायची आणि लोक तिच्या नावानं ओरडायचे. दुसऱ्या सेटमध्ये चार-तीन असताना आम्ही पाणी प्यायला खुर्चीवर बसलो. परांजपे सूर्यवंशी सरांच्या कानाशी वाकले होते, पण मुंबईच्या माणसाचं कुजबुजणंही आमच्या बोलण्याएवढं असतं. "जाळीवरची मुलगी नक्की," ते म्हणाले. "मागची चिवट आहे, पण चमक नाही."

रोहिणीनंही ते ऐकलं. तिनं टॉवेलात तोंड खुपसलं. खांदे हलत होते. रडत होती की हसत होती ते मी बघितलं नाही. मी माझ्या पंजांकडं बघत होते.

पुढचा गेम आम्ही घेतला. पाच-तीन. मग माझी सर्व्हिस, चाळीस-तीस. एक गुण मिळाला की सामना आमचा, आणि जागा तिची. मी डावीकडून सर्व्हिस केली, रोहिणी पुढं उजवीकडं. नोईनं अपेक्षेप्रमाणे चेंडू वर उचलला. तो रोहिणीवरून, उन्हात पिवळा चमकत, उजव्या कोपऱ्याकडं निघाला. मला अजून तो दिसतो. वेळ भरपूर होता. मी निघाले असते तर आरामात पोचले असते. मी काय हिशेब केला तोही सांगते: ती धावेल, फतकल मारून बसेल, स्कर्ट हिरवा होईल, गाव हसेल, परांजपे हसतील. एक गुण जाईल, ड्यूस म्हणजे बरोबरी होईल, पुढचे दोन गुण मी काढीन. मला फक्त तिचं हसं करायचं होतं.

"तुझा!" मी ओरडले.

ती तत्क्षणी वळली. चेंडूकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या आवाजावर, फीत बांधलेली असताना धावायची तशी, अंग झोकून ती धावली. कोपऱ्यात तिची टाच थरात बसली, पाय तिथंच राहिला आणि बाकीची रोहिणी पुढं गेली. गुडघ्याचा आवाज आला. ओली फोकाटी, म्हणजे डहाळी, मोडावी तसा मी तो करून दाखवते, पण तसा तो नव्हता. कसा होता ते मला कधीच जमलं नाही. लोक आधी हसले. मग वरून कुणीतरी ओरडलं, "ऊठ की, नाटकं करू नगंस!" तीही उठायला बघत होती. पाय भलत्याच दिशेला बघत होता. इरिना जाळीवरून उडी मारून आली आणि तिनं रोहिणीचं डोकं मांडीवर घेतलं. मी जागची हलले नाही. सर्व्हिसचा दुसरा चेंडू माझ्या हातात तसाच होता.

एक जोडीदार खेळू शकत नाही म्हटल्यावर सामना त्यांना दिला गेला. तासाभरानं परांजप्यांनी मला हिरवळीवर बोलावलं. "त्या कोपऱ्यात सगळ्या पडल्या. तू सहा वेळा गेलीस आणि एकदाही पडली नाहीस. पायांत काय आहे गं तुझ्या?"

"शेण, साहेब," मी म्हणाले.

ते खूप हसले आणि त्यांनी मला जागा दिली.

संध्याकाळी आईनं तो कोपरा खुरप्यानं खरवडून काढला आणि मुरूम घालून चोपला. मग ती घरी आली. गोठ्याच्या दारात बादली ठेवली आणि मग म्हणाली, "पर ती तिकडं पळालीच कशी?" ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. मला वाटलं, नशिबाला उद्देशून बोलते आहे. मी आत गेले.

पुढची चोवीस वर्षं थोडक्यात उरकते, कारण ती तशीच गेली. मुंबईत मी कंपनीच्या संघात पाच वर्षं खेळले, काहीही जिंकले नाही, मग एका टेबलाशी बसले आणि चांगली बसले. सर आणि आई दोघंही आता नाहीत. रोहिणीचा गुडघा दोनदा उघडला, तरी पाय सरळ झाला नाही. निपाणीकरांनी दिवाळीपर्यंतही वाट न बघता निरोप पाठवला, लंगडी मुलगी आम्हाला चालायची नाही. इथंच माझी गोष्ट संपते. मांडवात मी हात पसरून म्हणते, "म्हणजे बघा, शेवटी मीच तिला त्या तीन हनुवट्यांतून सोडवली!" आणि हशा. रोहिणीनं लग्न केलं नाही. वडिलांमागं तिनं फाउंड्री हातात घेतली, दुप्पट केली, आणि कामगार तिला भितात असं ऐकते.

मागच्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन परत आले. रोहिणी आता क्लबची अध्यक्ष आहे. कोर्टं निळी झाली आहेत, परदेशी रंगाची; शेणाला कुणी विचारत नाही. जुन्या खेळाडूंच्या कार्यक्रमात तिनं मला बोलावलं आणि व्यासपीठावर ढकललं. "सांग गं गोवरी तुझी ती गोष्ट. सगळ्यांनी ऐकल्या, मीच न्हाई ऐकली." ती पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकवून बसली होती. मी सांगितली. सगळी सांगितली, 'राहूनच गेलं हो'सकट, हनुवट्यांसकट. सभागृह लोळलं. रोहिणी डोळे पुसत हसत होती.

नंतर चहाच्या टेबलाशी ती माझ्या शेजारी आली. "झकास सांगतीस. पण एक चुकतंय तुझं."

"काय?"

"तू सांगायचं राहिलं म्हणून मी पडलो न्हाई. मला माहीत होतं. सामन्याच्या दिवशी तुझी आई सकाळी सातला आमच्या बंगल्यावर आलती. चालत. म्हणाली, बाई, गेटाकडच्या उजव्या कोपऱ्यात पाय घालू नगा, मंदा सांगंलच, पर विसरंल म्हणून आलो."

मी कप टेबलावर ठेवला. "मग पळालीस कशाला?" मी विचारलं. आईनंच विचारलेला प्रश्न मी चोवीस वर्षांनी विचारत होते.

"तू ओरडलीस ना." तिनं इतक्या सरळ सांगितलं, जणू हवामान सांगत होती. "मला वाटलं, एवढं ऊन हाय, वाळलं असणार. गोवरी बघितल्याशिवाय 'तुझा' म्हणायची न्हाई."

कुणीतरी तिला सहीसाठी कागद आणून दिला. तिनं सही केली, दोन माणसांना झापलं आणि गाडीकडं निघाली. क्लबच्या पायऱ्या नुकत्याच धुतल्या होत्या. कुठं ओल्या, कुठं कोरड्या. तिनं डाव्या हातानं माझं कोपर धरलं, समोर बघतच विचारलं, "ओली हाय का गं ही?"

मी खाली वाकून नीट बघितलं. पायरी कोरडी होती. बोट लावून पाहिलं, तरी कोरडी.

"वाळलीय," मी म्हणाले.

ती थांबली. मग तिनं काठीचं टोक पुढं केलं, पायरीवर दोनदा घासून पाहिलं, आणि त्यानंतर पाय टाकला.